पश्चिम खानदेशातील चार दिवस

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर म्हणून एक स्टेशन आहे. त्याचा काही भाग महाराष्ट्रात व उरलेला गुजराथेत आहे, हे वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचले असेल. तिकिटाची खिडकी आपल्या राज्यात, स्टेशनमास्तरांची कचेरी पलीकडच्या राज्यात, आणि फलाटावरील एका बाकड्याच्या मधोमध सीमा गेलेली. गाडी येण्याची सूचना चार भाषांत होते. मी गेलो तेव्हा त्या बाकड्याच्या गुजराथेतील टोकास एक म्हातारी बसली होती व तिचे गाठोडे महाराष्ट्रात होते. तिला त्याचे काहीच वाटत नव्हते, आणि वाटण्याचे कारणही नाही. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले, त्यापूर्वी येथे रेघच नव्हती.

तरी रेघेचा परिणाम होत नाही असे मात्र नव्हे. दिवाळी उलटली की अक्राणी, अक्कलकुवे, नवापूर या बाजूंची हजारो भिल्ल कुटुंबे ऊसतोडीसाठी सुरत-बारडोलीकडील साखर कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायकोची जोडी म्हणजे तिकडच्या भाषेत एक ‘कोयता’. या पाचसहा महिन्यांत किती बायका तेथेच, उसाच्या फडाशेजारच्या पालात बाळंत होतात! १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच, एकवीस दिवसांच्या आत व्हावयास पाहिजे. पाल दर पंधरवड्यास हलते. मूल आईच्या पाठीवर गावी येते, सहा वर्षांनी शाळेत नाव घालावयाची वेळ येते, आणि मग गुजराथेतील कोणत्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आपण त्या दिवशी होतो याची आठवण बापास करावी लागते. वर्ष उलटून गेले असले तर दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून नोंदही होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून पुढे पुष्कळ ठिकाणी जन्माचा दाखला हाच एक पुरावा ठरला आहे.

हे सारे मला नवापुरासच सुचले असे नाही. मी ज्या कामासाठी निघालो होतो त्यात ‘एक वर्ष’ हाच शब्द कळीचा होता, म्हणून ते चटकन डोळ्यांत भरले. माझे मावसबंधू शहाद्यास राहतात. वयाने ते माझ्याहून बारा वर्षांनी वडील, म्हणजे शहाऐंशीचे. आयुष्य वकिलीत गेल्यामुळे कायद्याचा कोणताही प्रश्न निघाला की दादांस माझी आठवण होते. या वेळी पत्र न धाडता त्यांनी दूरध्वनीवरूनच, “अरे, पणतीचा प्रश्न आहे, ये,” एवढेच सांगितले होते.

नवापुराहून नंदुरबारपर्यंत खिडकीशी बसावे. डिसेंबराचे दिवस होते. नंदुरबार जवळ आले की उघड्या माळांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या दिसू लागतात. बिघेच्या बिघे तांबडेलाल झालेले असतात आणि डब्यातील अर्धी माणसे शिंकत असतात. मिरचीच्या बाजारात नंदुरबारचे नाव आंध्रातील गुंटूरच्या जोडीने घेतले जाते. हा जिल्हा धुळ्यापासून निराळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याचे सहा तालुके. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे वस्ती सुमारे साडेसोळा लाख, व तीत शेकडा ६९ आदिवासी. आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी या सर्व प्रदेशास पश्चिम खानदेशच म्हणत, आणि अद्यापि माझ्या तोंडी तेच नाव येते.

नंदुरबारास उतरून माणिक चौकातील हुतात्मा स्मारकापुढे दोन मिनिटे उभे राहिल्यावाचून मी पुढे जात नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि झेंडा हाती घेतलेला शिरीषकुमार मेहता हा अवघा पंधरा वर्षांचा मुलगा पडला. त्याच्याबरोबर आणखी चौघे गेले. पाचांची आडनावे पाहिली तर मेहता, शहा, वाणी, केतकर, शहा. मुलांच्या तोंडची घोषणा गुजराती होती, हे येथे सर्वांस ठाऊक आहे. त्या वेळी ही पाचही मुले कायद्याने इंग्रजांच्या राजाची प्रजा होती. ‘भारताचा नागरिक’ हा शब्द कायद्यात यावयास आणखी सात वर्षे होती.

तेथून मोटारीने प्रकाशे गाठले. तापी आणि गोमाई यांचा संगम, घाटावरची देवळे, ‘दक्षिण काशी’ म्हणून ख्याती. पलीकडे शहाद्याचा रस्ता केळी-उसाच्या मळ्यांतून जातो. सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा दत्तजयंतीपासून भरलेली होती. वाटेत घोडे घेऊन निघालेली माणसे दोनदा आडवी आली आणि आमच्या चालकाने दोन्ही वेळा मोटार थांबवून घोड्यांची किंमत विचारली.

दादांच्या घरात माणसे आता पाचच आहेत, पण ओटा, माजघर, देवघर सगळे जुन्या वळणाचे. ओटीवर एका चौरंगावर कुलवृत्तान्ताची जाड प्रत व तिच्यात खुणेसाठी घातलेल्या पन्नास चिठ्ठ्या. घराण्याच्या वृत्तान्ताची नवी आवृत्ती काढण्याचे काम दादांनी गेली दहा वर्षे अंगावर घेतले आहे. ज्या वाचकांच्या घरी असा ग्रंथ आहे त्यांस त्याची रीत ठाऊक आहेच. मुलाचे नाव, त्याचे शिक्षण, त्याचा व्यवसाय, त्याची मुले, असा वंश खाली उतरत जातो. मुलीचे नाव येते, ती कोणत्या घराण्यात दिली हे येते, आणि तेथे ओळ संपते.

आता प्रश्न काय होता तो सांगतो. दादांचा मुलगा १९८९ साली मस्कतास नोकरीवर गेला. १९९४ साली त्याचा मुलगा, म्हणजे दादांचा नातू, तेथेच जन्मला. ओमानात जन्मल्याने परक्याच्या मुलास ओमानचे नागरिकत्व मिळत नाही. त्यामुळे तेव्हा काही पेचच नव्हता. बाप भारताचा, म्हणून मुलगा वंशाने भारताचा. हा नातू पुढे पुण्यास शिकला, शहाद्यास त्याचे लग्न झाले, आणि आता तो व त्याची पत्नी अमेरिकेत न्यू जर्सीत तात्पुरत्या परवान्यावर नोकऱ्या करतात. २०२५ च्या ऑगस्टात त्यांना मुलगी झाली. सलग दुसऱ्या पिढीचा जन्म देशाबाहेर झाला. ही पोर कोणाची?

“कोणाची म्हणजे? आपली!” वहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या.

“अहो, मी कायद्याचे विचारतो आहे,” दादा म्हणाले.

कायद्याचे उत्तर जरा लांब आहे, आणि ते आज पुष्कळ घरांस उपयोगी पडण्यासारखे असल्यामुळे येथे देतो. आपल्या घटनेतील नागरिकत्वाची कलमे प्रजासत्ताकाच्या आधीच, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, अमलात आली. त्यांतील आठवे कलम परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांविषयी आहे, आणि ते मोठे उदार आहे: ज्याचा स्वतःचा, आईबापांपैकी एकाचा किंवा चार आजीआजोबांपैकी कोणा एकाचाही जन्म अखंड हिंदुस्थानात झाला असेल, त्याने आपल्या वकिलातीत नाव नोंदविले की तो भारताचा नागरिक. म्हणजे आईची आई येथे जन्मलेली असली तरी पुरे. परंतु पुढे १९५५ साली जो नागरिकत्वाचा कायदा झाला त्याने परदेशी जन्मणाऱ्या मुलांचा हक्क केवळ बापावरून ठरविला. आपली लेक नवऱ्याबरोबर परदेशी गेली आणि तो नवरा परकीय नागरिक असला, तर तिचे तेथे जन्मलेले मूल वंशाने भारतीय नव्हे. घटनेने आजीपर्यंत मोजले आणि कायद्याने आईसही वगळले, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे. सदतीस वर्षे ही स्थिती राहिली. १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा बाप, दोघांपैकी कोणीही भारतीय असला की चालते.

हे सांगितले तेव्हा वहिनी पदराला हात पुसत बाहेर येऊन उंबऱ्याशी बसल्या. दादांची थोरली बहीण १९७४ साली परदेशात देण्यात आली होती. तिचे यजमान तिकडचेच नागरिक झालेले होते. तिच्या दोन्ही मुलांना आपण भारतीय का नाही हे कधी कोणी नीट सांगितले नव्हते. “म्हणजे तुमच्या त्या पुस्तकासारखाच कायदा होता म्हणायचा,” वहिनी दादांस म्हणाल्या. दादांनी कुलवृत्तान्ताकडे पाहिले आणि चष्मा पुसला.

आता सध्याचा नियम. ३ डिसेंबर २००४ पासून परदेशी जन्मलेले मूल आपोआप भारतीय होत नाही. जन्मापासून एका वर्षाच्या आत तेथील भारतीय वकिलातीत नोंद झाली पाहिजे. वर्ष टळले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि नोंद करताना आईबापांनी असे लिहून द्यावयाचे की या मुलाजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. यात पिढ्यांची मर्यादा नाही, ही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट आहे. इंग्लंडात १९८३ पासून, जो स्वतः परदेशी जन्मून वंशाने ब्रिटिश झाला तो आपल्या परदेशी जन्मलेल्या मुलास तो हक्क सामान्यतः देऊ शकत नाही. एका पिढीवर गाडे थांबते. इटलीत याच्या उलट पणजोबा-खापरपणजोबापर्यंत मागे जाऊन लोक नागरिकत्व मागत असत. तेथे २०२५ साली आईबाप आणि आजीआजोबा एवढ्यावर मोजणी आणली. आपल्याकडे दर पिढीस तो हक्क आहे, परंतु दर पिढीस ती नोंद नव्याने करावी लागते.

मग अडचण कोठे? अडचण अशी की अमेरिकेच्या घटनेत १८६८ साली घातलेल्या चौदाव्या दुरुस्तीप्रमाणे त्या भूमीवर जन्मलेले मूल त्या देशाचे नागरिक होते, आणि अमेरिकेचा नियम असा की तिच्या नागरिकाने तेथे येजा तिच्याच पासपोर्टावर करावी. पोरीचा भारतीय पासपोर्ट काढला तर ती येथे येईल, पण परत जाताना पेच. अमेरिकेचा काढला तर येजा सुलभ, पण वकिलातीतील ते प्रतिज्ञापत्र आईबापांस देता येणार नाही. दोन्ही बाळगणे आपल्या कायद्यास मान्य नाही.

त्यातही दादांच्या मनात एक निराळीच भीती घर करून बसली होती. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी असा हुकूम काढला की आई तात्पुरत्या परवान्यावर असेल आणि बाप नागरिक किंवा कायमचा रहिवासी नसेल, तर तेथे जन्मलेल्या मुलास नागरिक मानू नये. न्यायालयांनी त्याचा अंमल रोखला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न स्वतःपुढे घेतला. मी शहाद्यास होतो तेव्हा निकाल लागलेला नव्हता. “उद्या तो हुकूम खरा ठरला, आणि इकडे आपले वर्ष निघून गेले, तर?” दादा म्हणाले. “आपल्या घरात चारशे वर्षांची नावे आहेत. हिच्या नावापुढे कोणत्याच देशाचे नाव नको?” कायद्याने पाहिले तर वर्षानंतरही केंद्र सरकारच्या परवानगीचा मार्ग उरतो, आणि ते मी त्यांस सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर परवानगी मागण्यापेक्षा हक्काची नोंद बरी, हे माझेही मत होते.

“आणि मी पोर कधी पाहायची?” वहिनींनी विचारले. प्रश्न खरा तेथेच होता. अमेरिकेचा पासपोर्ट काढला असता तर फेब्रुवारीत ती सर्व मंडळी येणार होती. नोंदीसाठी थांबावे तर येणे लांबणीवर. ब्याऐंशी वर्षांच्या माणसास ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द कसा लागतो हे त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

नातवाचे म्हणणे दूरध्वनीवर ऐकले. त्याने ते शांतपणे सांगितले. अमेरिकन पासपोर्ट घेऊन पुढे भारताचे परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड घ्यावे. २००६ पासून लाखो लोकांनी घेतले आहे. आजन्म प्रवेश मिळतो. मत देता येत नाही, सरकारी अधिकारपद नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मात्र येऊ शकते. “आजोबा, गोमाईकाठची जमीन तिला मिळेल,” तो म्हणाला. दादा म्हणाले, “जमिनीचे मी विचारले नाही.”

या कार्डात मात्र पिढ्यांची मोजणी आहे. मूळ भारतीय नागरिकाचे मूल, नातवंड, पतवंड, येथवर. रात्री ओटीवर बसलो असता दादांच्या ते लक्षात आले. श्राद्धात पिंड तिघांस, पिता, पितामह, प्रपितामह. आणि कार्डही तिघांपर्यंत! मॉरिशसला गेलेल्या आपल्या लोकांसाठी, ज्यांत एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीस गेलेली मराठी कुटुंबेही आहेत, मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी ही मर्यादा सातव्या पिढीपर्यंत नेल्याचे जाहीर केले, हे मी सांगताच दादा उठून बसले. सापिंड्यही बापाच्या बाजूने सातव्या पिढीसच संपते! ज्या १९५५ साली नागरिकत्वाचा कायदा झाला त्याच साली हिंदू विवाहाच्या कायद्याने ते सापिंड्य पाच आणि तीन पिढ्यांवर आणले, हा योगायोगही त्यांना फार आवडला. दिल्लीतील मसुदा करणाऱ्यांच्या मनात मिताक्षरा होती असे मला वाटत नाही. पण दादांचा आनंद मी मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला टेंभलीस घेऊन गेले. शहादे तालुक्यातील हे लहानसे गाव २९ सप्टेंबर २०१० रोजी सर्व देशास ठाऊक झाले. पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत आधारचा पहिला क्रमांक देशात येथील एका आदिवासी स्त्रीस मिळाला. गाव इतर गावांसारखेच आहे. दारात कोंबड्या, भिंतीवर गोवऱ्या, एका ओट्यावर चार बायका भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या. येथे मुद्दाम सांगावयाचे ते असे की हा क्रमांक राहणाऱ्यास मिळतो, नागरिकास नव्हे. २०१६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. पुष्कळ सुशिक्षितांची समजूत याहून निराळी असते. दादांचीही होती, पोरीस येथे आणून आधार काढला की झाले, असे त्यांनी मनात योजले होते.

त्या संध्याकाळी नातवाचा निरोप आला. त्याने व सूनबाईने रात्रभर विचार केला होता. वर्षाच्या आत न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत पोरीची नोंद करावयाची, अमेरिकेचा पासपोर्ट तूर्त काढावयाचा नाही, निकाल काय लागतो ते पाहावयाचे. कायदा अज्ञान मुलास दोन्हीकडचा समजून घेतो; सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत तिने दुसरे नागरिकत्व सोडले नाही तर आपले जाते. तोवर अठरा वर्षे आहेत. फक्त या फेब्रुवारीत येणे नाही.

वहिनी काही बोलल्या नाहीत. देवघरात दिवा लावून परत आल्या आणि पाने मांडू लागल्या. जेवताना दादा एकदम म्हणाले, “ती येऊ शकत नाही, तर आपण जाऊ. माझा पासपोर्ट काढा.” घरात सगळे हसले, वहिनी हसल्या नाहीत. “माझाही,” त्या म्हणाल्या. जन्मात शहादे-नाशिक-काशी यांपलीकडे न गेलेली ही दोन माणसे.

पासपोर्टास जन्मतारखेचा पुरावा लागतो. दादांचा शाळा सोडल्याचा दाखला १९६९ च्या पुरात भिजून गेला होता. म्हणून चौथ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या जुन्या शाळेत गेलो. त्यांच्या वेळी ती लोकल बोर्डाची होती. कचेरीत आमच्या आधी धडगावकडचा एक तरुण बसला होता. त्यास जात-पडताळणीसाठी आपल्या आजोबांची १९५० पूर्वीची शाळेतील नोंद पाहिजे होती. अनुसूचित जमातींची यादी ६ सप्टेंबर १९५० च्या हुकुमाची, म्हणून कुटुंब त्या तारखेस कोठले होते याचा जुना कागद दाखवावा लागतो. त्याचे गाव सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी होते. आजोबा दोन वर्षे शहाद्यास एका शेतकऱ्याकडे राहून शिकले, असे त्याने घरी ऐकले होते. साल ठाऊक नव्हते.

कारकुनाने कपाटातून जनरल रजिस्टरे काढली. पुठ्ठे सुटलेले, पाने तपकिरी. दादांचे नाव तिसऱ्या पुस्तकात सापडले: बोरूच्या वळणदार अक्षरात जन्मतारीख, अंकी व अक्षरी, राहण्याचे ठिकाण शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश. देशाचा रकानाच नव्हता. कारकून नक्कल लिहू लागला. दादांनी ते पुस्तक त्या तरुणाकडे सरकविले, चष्मा सावरला, आणि त्याच्या आजोबांचे नाव विचारून दोघेही पान पान पाहू लागले. दुपारी बारा वाजता मी मोटारीसाठी निघालो तेव्हा ते १९४६ सालापर्यंत आले होते.